गाडीला सांगायचं राहिलं

प्रिय हाल्वार,

फॉल्डालहून सिगब्योर्नचा नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? लग्नात नाचलात फार, म्हणून विचारतो. माझी प्रकृती ठीक, फक्त गुडघे फेब्रुवारीपासून माझे राहिलेले नाहीत. कारण तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. त्या दिवशी कोणी ऐकूनच घेतलं नाही.

ही विजेची गाडी तुम्ही माझ्या गळ्यात मारलीत. ("दाजी, डिझेल सोडा आता, लोक हसतात." लोक कुठले, तुम्हीच हसत होता.) किल्ली देताना एकच सांगितलंत, की वाटेत जिथे चार्ज करायची ती जागा निघतानाच नकाशात टाका, गाडीला फक्त सांगायचं कुठे थांबणार ते. आता ज्या डोव्रेच्या घाटातून मी जन्मभर दुधाचा टँकर नेला, तिथला रस्ता मी गाडीला विचारू? विचारायचा नाही, सांगायचा, असं तुम्ही म्हणत होता. मला दोन्ही सारखंच वाटलं. ट्रोन्हेमला लेकीच्या लग्नाला बाप नकाशा लावून निघाला, असं गावात झालं असतं ते वेगळंच.

त्या सकाळी पारा उणे पंचवीसवर होता. मी आपल्या खोऱ्याच्या पोशाखात, म्हणजे चांदीची बटणं आणि गुडघ्यापर्यंतची विजार. (हा पोशाख ज्याने शिवला तो गाडीत कधी बसला नसावा.) वीज वाचावी म्हणून आतला हीटर बंद. वाटेत ओप्दालला गाडी चार्जरला लावली, तर पडद्यावरचा आकडा जेमतेम सरकत होता. इतक्यात टपावर स्की बांधलेल्या गाडीतून एक बाई आली आणि माझ्याच खांबाला तिने आपली गाडी लावली. आकडा आणखी मंदावला. माझी वीज पळवलीत, असं मी तिला सरळ बोललो. ती हसली. म्हणाली, "काका, या खांबाची वीज दोघांत वाटली जाते. पलीकडचा मोकळा आहे, तिकडे लावा. पण तुमची बॅटरी गारठली आहे, ती कुठेही हळूच घेणार. नकाशात ही जागा टाकली असतीत, तर येता येता गाडीने ती तापवून ठेवली असती."

"मला रस्ता माहीत आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला आहे हो. गाडीला कुठे?"

मी खांब बदलला नाही. आधी आलेल्याने का हलावं? ती माझ्यानंतर येऊन माझ्याआधी गेली. बॅटरी ऐंशी टक्के भरली तेव्हा निघायला हवं होतं, तेवढ्यात ट्रोन्हेम आरामात आलं असतं. पण अर्धवट टाकीवर निघणं आमच्या घरात नाही. शेवटचे वीस टक्के भरायला जवळजवळ आधीच्या सगळ्याइतका वेळ लागला. मी तपकिरी चीजची पोळी खात बसलो होतो.

पोचलो तेव्हा केक कापून झाला होता. इंगुनला चर्चमध्ये हात धरून तुम्ही नेलंत आणि वधूपित्याचं भाषणही तुम्हीच केलंत. लोक रडले म्हणे. मला तुमचा राग आला आहे, हाल्वार, अजून आहे. तुमची बहीण गेल्यापासून चार लोकांत तिचं नाव घ्यायची माझी ही एकच वेळ होती, आणि ते तुम्ही घेतलंत. इंगुन मला एवढंच म्हणाली, "बाबा, रस्ता तर पाठ होता ना?" तेव्हापासून फोनवर ती फक्त हवामानाचं बोलते.

तर येऊन आपली गाडी घेऊन जा. लोभ उरला असेल तेवढा असू द्या.

सिगब्योर्न

ता. क. गाडी न्यायला येऊ नका. हल्ली मी दुकानात जायचं तरी नकाशात दुकान टाकतो. लांबच्या वाटेवर चार्जरची जागा टाकली की बॅटरी आधीच तापते, चार्जिंग भराभर होतं. ऐंशीला मुकाट्याने निघतो.

आणखी ता. क. इंगुन नव्या घरी गेली, सामान तुम्ही उचललंत, असं कळलं. ट्रोन्हेमपर्यंतचं प्रत्येक वळण मला पाठ आहे. त्यापुढचा तिचा पत्ता मला कोणी दिलेला नाही आणि तिला विचारायचा धीर होत नाही. तेवढा कळवा. गाडीला सांगायचा आहे.