एक टक्का माझ्या नावाचा

३ नोव्हेंबर, सोमवार
फ्लॅट ठरला. जेल रोडला, दुसरा मजला, चोवीस लाख. मालक, म्हणजे आमचा नवरा, म्हणाले जरा विचार करू. त्यांचा विचार लग्नापासून चालू आहे. मी पाच मिनिटांत हो म्हणून मोकळी. एकलहऱ्याला वीज केंद्राच्या गेटवर पोह्याची गाडी मी लावते, हप्ता मी भरणार, तर घर माझ्या एकटीच्या नावावर. ठरलं म्हणजे ठरलं.
एजंट वाळू म्हणाला, मावशी, स्टॅम्प ड्यूटीचं धरलंय ना? म्हटलं, पाचशेचा स्टॅम्प ना? दोन आण. लय हसला. असल्या दातांनी हसू नये माणसाने.

४ नोव्हेंबर
सृष्टीने, लेकीने, मोबाईलवर हिशोब करून वाचून दाखवला. स्टॅम्प ड्यूटी सहा टक्के. रजिस्ट्रेशन एक टक्का वेगळं. वर वकील, एजंट, बँकेची फी, सोसायटीची फी. म्हटलं, घर घेतेय की गुन्हा केलाय? सरकारने या घरात एक खिळा ठोकला नाही. आणि सहा टक्के म्हणजे संडास-बाथरूम सरकारचंच झालं की.
उद्या रजिस्ट्रीच्या ऑफिसात जाऊन घासाघीस करणार. मी कांदेवाल्याला रडवते, सरकार काय चीज आहे.

५ नोव्हेंबर
ऑफिस बंद. सुट्टी म्हणे. मला घाबरले.

६ नोव्हेंबर
घासाघीस करत नाहीत. खिडकीतला बाबू म्हणाला, ताई, हा भाजीबाजार आहे का? म्हटलं, मग भाव कशाला सांगता? रांगेतले हसले. तेव्हा वैतागून म्हणाला, घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का माफ आहे, जा आता.
चोवीस हजार! आधीपासूनच नियम आहे असं सृष्टी म्हणते. मी गेले म्हणून कळलं ना? म्हणजे मीच कमी करून आणले.

७ नोव्हेंबर
वाचलेल्या चोवीस हजारांचे पडदे घ्यायचं ठरवलं.
दुपारी: पडदे आणि मिक्सर.
संध्याकाळी विंचूरच्या जावेला, मनीषाला, फोन केला. वास्तुशांतीला तुला भारी साडी घेते म्हटलं. त्याच पैशातून. मालकीण आहे म्हटल्यावर हात सैल ठेवावा लागतो.
सृष्टी म्हणाली, आई, ते पैसे आपल्याला मिळणार नाहीयेत, फक्त जाणार नाहीयेत. शिकलेल्या पोरींना आनंद म्हणून कळत नाही.
संकल्प: रजिस्ट्री होईपर्यंत कुणावर ओरडायचं नाही.

१० नोव्हेंबर
करारनामा टाईप करून घेतला. ओरडले, पण ते प्रिंटरवर. माणसावर नाही. संकल्प शाबूत.
टायपिस्टला प्रश्न फार. मालक कोण लावायचे? म्हटलं, हे काय विचारणं झालं? मालक ते काय, बाहेर बाकड्यावर बिस्किट खातायत. त्यांचंही आधार कार्ड मागितलं. दिलं. बाईला कुठेही गेलं तरी नवऱ्याचा कागद लागतोच. वाचून घ्या म्हणाला. म्हटलं, चौथी शिकलेय, वाचत बसले तर गाडी कोण लावेल? केल्या सह्या. मालक म्हणाले, माझी कशाला? म्हटलं, करा मुकाट्याने.

११ नोव्हेंबर
सृष्टीने स्टॅम्प ड्यूटी ऑनलाईन भरली. पाच टक्के! पावतीवर माझं पूर्ण नाव. मालकांना दाखवलं. छान म्हणाले. एवढंच. जळतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मालक रजिस्ट्रीला इस्त्रीचा शर्ट घालून आले. म्हटलं, तुमचं काय काम आहे तिथे?
टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, घेणारे दोघं आहेत, सुलाबाई आणि सहादू. पुरुषाचं नाव आलं की सवलत नाही, राहिलेला एक टक्का भरा. म्हटलं, कुठला पुरुष? मॅडमनी नुसतं पेनाने दाखवलं. हे शेजारीच उभे.
टायपिस्टला फोन लावला. म्हणाला, मावशी, मी विचारलं मालक कोण, तुम्ही बाहेर बोट दाखवलं. फोन ठेवला. आता नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत काय मी काढली? आईने लावलेली सवय. जीभ तशीच वळते.
मॅडम म्हणाल्या, नाव काढायचं असेल तर नवा करार करा, सोमवारी या. विकणारे काका घड्याळ बघायला लागले. मालक हळूच म्हणाले, काढ की माझं नाव, मला काय करायचंय घर. म्हणत होते, पण कागदावर स्वतःच्या नावाखाली बोट ठेवून उभे होते. बोट काही उचलत नव्हते.
भरले चोवीस हजार. पडदे, मिक्सर, मनीषाची साडी, सगळं एका दमात गेलं. सोमवारपर्यंत कोण थांबणार? मला घाई असते, सगळ्यांना माहीत आहे. दुसरं काही कारण नाही.

१४ नोव्हेंबर
कागद हातात आले. त्यात दोघांचे फोटो, तिथल्याच कॅमेऱ्यावर काढलेले. मालक भांग पाडून, बारीक हसत, जणू दर वर्षी एक फ्लॅट घेतात. माझे डोळे मिटलेले आणि तोंड हे एवढं उघडं. कॅमेऱ्यावाल्याला लवकर आटप म्हणत होते तेव्हाचं. सृष्टीला म्हटलं, बदलून आण. म्हणाली, रजिस्टर झालं, आता कायमचं.
कुणीही बघावं आणि म्हणावं, घर घेतलंय या भल्या माणसाने. आणि ही कोण बाई आडवी आलीय?