पाहुणीचं नाव

फोंतेव्हेच्या,
२६ ऑगस्ट १९५६

चि. देल्फीना हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोर बाळसं धरतेय हे वाचून जीव भांड्यात पडला. नाहीतर तू लहानपणी अशी किडमिडी होतीस की आई गेल्यावर तुला वाढवताना मी रोज सकाळी आधी तुझ्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. आता मात्र एक पोर झाली नाही तोच मला शिकवायला लागलीस. म्हणे तुरीनला येताना जाड स्वेटर आण. अगं, मला काय थंडी नवीन आहे? फेब्रुवारीच्या गारठ्यानं इथली ऑलिव्हची झाडं उभी जळाली. ती आता बुडातून फुटतायत. तशीच मीही आहे.

तर तुम्ही आठ सप्टेंबरच्या सणाला येताय. झऱ्यावरच्या देवळात फादर उबाल्दो वर्षातली एकुलती एक मिस्सेची प्रार्थना म्हणतील, आणि दुसऱ्या दिवशी सगळी पांगल्यावर तू पोरीला आत दाखवायला नेशील. ते बाप्तिस्म्याच्या आधीच व्हायला हवं. नऊ वर्षं तुझी कूस उजवली नाही. दोन पोटातच गेली. गेल्या साली तुझ्यासाठी मी तिथं पदर पसरला होता. जिनं मागितलं तिनं आणून दाखवायचं, ही इथली रीत आहे. तुझ्या सासूबाई पोर अजून बिनबाप्तिस्म्याची ठेवली म्हणून कुरकुरतायत ना? कुरकुरू देत. त्यांना सांग, म्हातारपणी एवढा राग बरा नव्हे.

रीत तुला ठाऊक आहे, पण शहरात राहून विसरली असशील म्हणून लिहिते. उंबऱ्याशी उभं राहून ‘येऊ का?’ विचारायचं आणि जरा थांबायचं. आई मुलाला घेऊन एकटीच आत जाते. आत पोरीला पाहुणी म्हणायचं, तिचं नाव काढायचं नाही. आई सांगायची ते आठवतं ना? देवळाचं चर्च केलं तेव्हा मूर्ती फोडली, भिंतीवर मारियामाता आणि संत रंगवले, दारावर क्रूस कोरला. पण आधी जी राहत होती तिला घर सोड म्हणून कोणी सांगितलंच नाही.

सणानंतर देवळाची किल्ली मी शेजारच्या आर्ज्याकडे देणार आहे. मग ऑक्टोबरात बाप्तिस्म्याला येईन ती कायमचीच. आयुष्यभर दुसऱ्याचं घर झाडलं, आता तुझ्या घरात नुसती बसून पोर खेळवणार. खिडकीची खोली माझी, हे तुझ्या नवऱ्याला बजावून ठेव, ओत्ताव्योला.

पोरीचा मुका घे. लोभ आहेच, तो पत्रानं नाही तर पोर दाखवून फेड.

तुझी ताई,
एर्सीलिया

*

तुरीन,
१४ सप्टेंबर १९५६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. गाडीत पोर एकदाही रडली नाही. समोरच्या बाई म्हणाल्या, असलं गुणी मूल पाहिलं नाही. तू बांधून दिलेलं मेंढीच्या दुधाचं चीज सासूबाईंनी नाक मुरडत मुरडत निम्मं संपवलं.

देवळातलं तुला नीट सांगायचं राहूनच गेलं, गाडी चुकेल म्हणून तू घाई केलीस. ताई, इतक्या वर्षांनी बघताना ते मला फारच लहान वाटलं. पुढचे चार खांब, माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असलेले, लहानपणी केवढे उंच वाटायचे. मी उंबऱ्याशी ‘येऊ का?’ विचारलं, थांबले, आत गेले. बाहेर ऊन कसलं रणरणत होतं आणि आत मात्र तळघरासारखा गारवा. फरशीखालून पाणी वाहतं त्याचा आवाज येत होता. कोनाड्यातल्या मारियामातेचा रंग उडालाय, तिच्या चेहऱ्याखालून दगडातला दुसराच चेहरा दिसायला लागलाय असं मला उगाच वाटलं.

आता रागावू नकोस. मी जरा गडबडले. तुला माहीत आहे, सासूबाईंनी मला इथं आल्यापासून रीतभात शिकवली, की कोणाच्या घरी गेलं तर सोबत आलेल्याची ओळख करून द्यायची, नाहीतर यजमानाचा अपमान होतो. इतक्या वर्षांत ते अंगात भिनलंय. ‘येऊ का?’ म्हटल्यावर पुढचं तोंडातून आपोआप निघून गेलं. मी म्हटलं, ही आमची एर्सीलिया. हो ताई, तुझंच नाव ठेवणार आहोत. बाप्तिस्म्याला तुला चकित करायचं ठरलं होतं. ते असं फुटलं.

मी नाव घेतलं आणि फरशीखालचं पाणी थांबलं. खरंच थांबलं, नळ बंद करावा तसं. मग पुन्हा सुरू झालं. मी पाहुणी पाहुणी म्हणत बाहेर आले आणि तुला काही बोलले नाही. तुझा चेहरा इतका आनंदात होता.

इथं सगळं ठीक आहे. एकच गंमत. पोर दूध पिता पिता मध्येच मान वळवते, स्वयंपाकघराच्या कोऱ्या भिंतीकडे. जणू कोणी हाक मारली. मग हसते. ओत्ताव्यो म्हणतो, भिंतीपलीकडे रेडिओ वाजत असेल. पण पलीकडे जिना आहे.

तुझ्या खोलीला पडदे शिवतेय, निळे. रागावली असशील तरी लोभ आटवू नकोस.

तुझी,
देल्फीना

*

फोंतेव्हेच्या,
२० सप्टेंबर १९५६

चि. देल्फीनास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी डोळ्यांत पाणी आलं. माझं नाव कोणी पुढं चालवील असं मनातही नव्हतं, मी पडले बिनलग्नाची. मग पुढचं वाचलं आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचून काढलं. रागावत नाही. रागावून काय होणार? तुझ्या सासूची शिकवण आणि माझं नशीब.

तुला घाबरवायचं नव्हतं, पण आता लपवण्यात अर्थ नाही. सणाची फुलं काढायला मी परवा देवळात गेले. भर दुपार होती, आर्ज्या बाहेर शेळ्या चारत होती. ‘येऊ का?’ विचारून थांबले तर आतून बाईचा आवाज. बोलत नव्हती ती. नाव म्हणून बघत होती. बाळंतिणी उशाशी बसून बाळाचं नाव घोळवतात ना, अगदी तसं. आधी चुकीच्या ठिकाणी जोर देऊन, जुनाट उच्चारात. पुन्हा. मग जरा बरं. मला वाटलं आपल्याच कानात काहीतरी झालं. काल परत गेले तेव्हा नाव अगदी नीट म्हणत होती, आणि देल्फीना, आवाज तुझा होता. तू लाडानं शेवट लांबवतेस तसाच.

फादर उबाल्दोंना गाठलं. ते म्हणाले, पाण्याचा आवाज आहे, एर्सीलिया, उमर झाली की असं होतं. मी म्हटलं चला ऐकायला. आले बिचारे. पण दाराशी आल्यावर टोपी काढून हळूच ‘येऊ का?’ म्हणाले. तेवीस वर्षं मिस्सा म्हणतात, मी त्यांना हे कधी म्हणताना ऐकलं नव्हतं. आत गेले नाहीत. परतताना ऑलिव्हबद्दल बोलत राहिले.

पोरीला घरात त्या नावानं हाक मारू नका. कोणीच नाही. काही मारायचीच तर सोनू म्हणा, चिमणी म्हणा. ती भिंतीकडे बघायला लागली की उचलून दुसऱ्या खोलीत न्या. आई म्हणायची, बाप्तिस्मा होईस्तोवर मूल कोणाच्याही हाकेला ओ देतं. म्हणून तर नाव काढायचं नसतं. सात ऑक्टोबरच्या बाप्तिस्म्यापर्यंत सांभाळा.

मला रोज लिही. पत्र लहान असलं तरी चालेल, पण लिही.

ताई

*

तुरीन,
२८ सप्टेंबर १९५६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तू लगेच ये. पडदे बिडदे राहू देत.

तिनं दूध सोडलंय. छातीशी घेतलं की दोन घोट पिते आणि कान देते. हो, कान देते, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले, कानात सर्दी आहे, थेंब दिले. दुसऱ्या खोलीत नेलं तरी मान बरोबर त्याच दिशेला वळते. ओत्ताव्योनं नकाशा काढून बघितलं. तो काही मानणारा माणूस नाही, कारखान्यात युनियनवाला. नकाशा घडी करून ठेवला आणि मला नुसतं म्हणाला की ती दिशा तुमच्या गावाची आहे.

सकाळी तिचं जावळ ओलं असतं. घाम नाही तो. झऱ्याकाठच्या पुदिन्याचा वास येतो. मी तो वास कसा विसरेन? काल मी वळून पाहिलं तर ती त्या भिंतीकडे हात पसरून होती, कडेवर घे म्हणताना मुलं पसरतात तसे. माझ्याकडे तिनं अजून एकदाही असे हात केलेले नाहीत.

सासूबाई आधी मला वेड्यात काढत होत्या. आज सकाळी त्या बाजारातून आल्या आणि स्वतःच्याच घराच्या दाराशी थबकून त्यांनी विचारलं, येऊ का? मग माझ्याकडे बघून रडायलाच लागल्या. म्हणाल्या, आत कोणीतरी आहे असं वाटलं. त्यांनी तिथल्या तिथं बाप्तिस्मा उरकायचा हट्ट धरला. पण त्याच नावानं बाप्तिस्मा केला तर ते नाव पक्कं होऊन बसेल, मग काय? मला काही कळेनासं झालंय. नऊ वर्षं मी हिची वाट पाहिली. माझी चूक आहे ना, मग मला बोलवावं देवळातल्या तिनं.

लवकर उत्तर दे. लोभ म्हणू की धावा म्हणू, तुला काय म्हणायचं ते म्हण.

देल्फीना

*

फोंतेव्हेच्या,
१ ऑक्टोबर १९५६

चि. देल्फीनास,
अनेक, अगदी अनेक उ. आ.

डोळे पूस आणि नीट वाच.

रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर बाप्तिस्मा करा. नाव लिदिया ठेवा. आपल्या घराण्यात, ओत्ताव्योच्या घराण्यात, या गावात हे नाव कोणाचं नाही, मी विचार करून काढलंय. आधी कोणासमोर उच्चारू नका. फादरांना कागदावर लिहून द्या, त्यांनी पाणी घालतानाच पहिल्यांदा म्हणावं. धर्ममाता सासूबाईंना होऊ दे. आवडेल त्यांना, मिरवतील.

माझी वाट पाहू नका. त्याच वेळेला मी इथं देवळात असणार आहे. हाक मारली आणि कोणीच ओ दिली नाही तर हाक मारणारी थांबत नाही, तूही लहानपणी थांबायची नाहीस. कोणीतरी ओ द्यावी लागेल. पोरीनं द्यायची नाही. आणि त्या नावाची बाई आपल्या घरात आणखी एक आहे.

लगेच रडू नकोस. मी काही विहिरीत उडी मारत नाहीये. आयुष्यभर झाडत आले त्या जागी जाऊन उभी राहणार, एवढंच. आवाजाला मी भीत नाही असं नाही, भीते. पण तुझ्या पत्रातलं ते हात पसरल्याचं वाचून जास्त भ्यायले.

पोरीला आज खसखसून न्हाऊ घाल आणि घरातल्या साबणाचाच वास येऊ दे अंगाला.

ताई

*

तुरीन,
८ ऑक्टोबर १९५६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, काय सांगू! डोक्यावर पाणी पडलं, फादरांनी लिदिया म्हटलं आणि तिनं असा टाहो फोडला की चर्चमधली कबुतरं उडाली. जन्मल्यापासून एवढी रडली नव्हती. सासूबाई भर चर्चमध्ये म्हणाल्या, वा, फुप्फुसं आमच्याकडची आहेत. घरी आल्यावर प्यायली, झोपली, उठून पुन्हा प्यायली. काल मी भिंतीपाशी उभी राहून मुद्दाम पाहिलं. तिनं ढुंकून पाहिलं नाही. जावळ कोरडं आहे. आणि आज सकाळी माझ्याकडे हात केले. माझ्याकडे, ताई.

आता तू ये बघू. पडदे लावलेत, खोलीत छोटी शेगडी बसवलीय, पलंग खिडकीशी आहे. इथून आल्प्स दिसतात, तुला सकाळी कॉफी घेत बघता येतील. ओत्ताव्यो स्टेशनवर येईल, फक्त तार कर. रविवारी तिथं काय झालं ते मला समोर बसून सांग. पत्रात नको.

लोभ वाढवायला आता जागाच उरली नाही, म्हणून तूच ये.

तुझी,
देल्फीना आणि लिदिया

*

फोंतेव्हेच्या,
१७ ऑक्टोबर १९५६

चि. देल्फीनास,
अ. उ. आ., आणि चि. लिदियाला पोटभर पापे.

उत्तराला उशीर झाला. समोर बसून सांगण्यासारखंच होतं, पण पत्रातच सांगावं लागतंय.

रविवारी घंटा झाली तशी मी गेले. विचारलं, थांबले. आतून हाक आली, तुझ्या आवाजात. मी उंबरा ओलांडला आणि आई अंगणातून हाक मारायची तेव्हा म्हणायचो तसं म्हटलं, ‘आले.’ बस. पाणी थांबलं. बराच वेळ थांबलं. मग इतक्या मोकळेपणानं वाहायला लागलं की आर्ज्याला शेळ्यांपाशी ऐकू गेलं. मला वाटलं संपलं. घरी येऊन चक्क झोपले.

ट्रंक भरली, किल्ली आर्ज्याला दिली, बसच्या थांब्यावर गेले. बस आली, ड्रायव्हरनं ट्रंक चढवली, आणि हाक आली. मी मान वळवली. देल्फीना, त्या हाकेत काय आहे ते मला लिहिता येत नाही. पोर का हसायची ते कळलं. पाय आपोआप मागं फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले, कानात कापूस घालून. त्यालाही अर्थ नव्हता. आर्ज्या परत द्यायला किल्ली घेऊन दाराशीच उभी होती. शहाणी बाई आहे.

ती वाईट नाही गं. एकटी आहे. इतकी वर्षं सगळ्यांनी आपापली पोरं दाखवून परत नेली, नाव मात्र कोणी सांगितलं नाही. तूच पहिली.

मला दुःख होत नाही असं म्हणणार नाही. आल्प्स बघायचे होते. लिदियाला मांडीवर घ्यायचं होतं, ते तर फारच. तिचा फोटो पाठव. खिडकीची खोली तिला दे, निळे पडदे तिला शोभतील. तिला इथं कधी आणू नकोस, आणि माझं नाव तिला सांगू नकोस. पाकिटावरही घालू नकोस, ते आता माझ्या हातात राहिलेलं नाही. नुसतं ‘झऱ्यावरची’ लिहिलंस तरी पोस्टमन आणून देतो.

मी बरी आहे. जावळासारखे माझेही केस हल्ली सकाळी ओले असतात, त्याची काळजी करू नकोस, मी टोपरं बांधते. तू पोरीवर लोभ कर, तो मला इथं पोचतो.

तुझी ताई

ता. क. पुढंमागं वाटलंच तर तू एकटी ये. थेट देवळाशी ये. उंबऱ्यावर विचार आणि थांब. आतून ‘ये’ ऐकू आलं तर भिऊ नकोस. आवाज तुझ्या ओळखीचा असेल.