मानेतला लांडगा

तीर्थरूप ओपलताईस,

धाकट्या व्हर्लिनचा साष्टांग नमस्कार. (मानेला पट्टी बांधली आहे, तेव्हा तूर्त सातच अंगं धरावीत.) तुझे गुडघे, भावजींचा दमा आणि टल्सातली तुझी ती अंगावर येणारी शेजारीण, तिघंही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे तुझी भावजय रीबा ठणठणीत आहे आणि मी भ्यालेलो आहे. लहानपणी तू मला भित्रा ससा म्हणायचीस. ते आता शास्त्रानेही सिद्ध व्हायच्या बेतात आहे. कसं ते सांगतो.

गेल्या शनिवारी सकाळी ओसरीच्या कठड्यावर एक माशी येऊन बसली. माशी कसली, चांगलं भुंग्याएवढं धूड! अंग काळंभोर, तोंड पांढरं आणि डोळ्यांत तांबड्या रेघा. रीबा झाडू घेऊन आली, तेवढ्यात शेजारचा डूली टपकला (तोच, ज्याने टर्कीवर नेम धरून स्वतःचा बूट फोडला होता). त्याने आधी माशीकडे पाहिलं, मग माझ्या मानेकडे. माझ्या डाव्या कानाखाली वसंतापासून एक गाठ आहे. तुला मुद्दामच लिहिलं नव्हतं. तेव्हा वाटाण्याएवढी होती, आता अक्रोडाएवढी झाली आहे. डूली म्हणाला, "अरे व्हर्लिन, तुझ्यात लांडगा शिरलाय लांडगा! अन् ही त्याची आई, पोराला न्यायला आलीय." पहिलं कडक दंव पडेपर्यंत बाबा आपल्याला खारीवर बंदूक रोखू देत नसत, ते कातडीखाली पोसणाऱ्या माशीच्या अळ्यांपायी, बाबा त्यांनाच लांडगे म्हणायचे, आठवतं ना? जन्मभर मी खारींच्या कातडीची काळजी केली, स्वतःच्या कातडीचा विचार कधी मनात आला नाही.

डूलीचा उपाय असा, की गाठीवर बेकनचा काप बांधायचा, म्हणजे आतल्या अळीचा श्वास कोंडतो आणि ती बाहेर डोकावते. रीबाने काप बांधला आणि दुसऱ्या दिवशी तसंच मला चर्चमध्ये घेऊन गेली. प्रवचन नेमकं उपासावर होतं. पुढच्या बाकावरची मंडळी सारखी वळून माझ्याकडे बघत होती, भक्तीने नव्हे, भुकेने. मग दारातून एक अनोळखी कुत्रा आत आला आणि सगळा कळप सोडून नेमका माझ्या पायाशी बसला. अळी काही डोकावली नाही. कुत्रा मात्र घरापर्यंत आला, तो अजून आहे.

शेवटी रीबा म्हणाली, "डूलीच्या अकलेवर मान ठेवू नकोस. फोटो काढ आणि शिकल्यासवरल्या माणसांना विचार." माशीला तिने जॅमच्या बरणीखाली झाकून ठेवलंच होतं. किड्यांचे फोटो पाहून ओळख पटवून देणाऱ्यांची एक वेबसाइट आहे, तिथे मी पाठवले. डोळे मिटूनच बटण दाबलं, तेव्हा पहिल्या फोटोत आभाळ आलं आणि दुसऱ्यात माझा अंगठा. (एकाने तत्परतेने कळवलं: 'मानवी अंगठा, वयस्क नर.') तिसऱ्यात माशी आली आणि मिनेसोटाच्या कुणी डॉ. लिंडक्विस्ट म्हणून बाई आहेत, त्या एकदम जाग्या झाल्या. ही बॉट माशी खरी, लांडग्यांची आई ती हीच, पण नेहमीची नव्हे. खात्री करायला चेहरा हवा, समोरून आणि अगदी जवळून! बरणी उचलावी लागली, ताई. रीबाने मागून माझा पट्टा घट्ट धरला होता आणि मी इतका जवळ गेलो की माझ्याच श्वासाने कॅमेऱ्याची काच धुरकट झाली. बाईंचं उत्तर आलं: अभिनंदन! ही जात जिवंत पाहायला मिळणं मोठ्या भाग्याचं! हिला तोंड असून नसल्यासारखं, ती चावूच शकत नाही, आणि हिच्या अळ्या वाढतात त्या सशांत. (आता आलं लक्षात, वर शास्त्राचा उल्लेख का केला?) खाली ढीगभर परक्या माणसांनी 'नशीबवान आहात' असं लिहिलं. जन्मात माझं एवढं कौतुक झालं नव्हतं, पण भीती काही गेली नाही. कारण मला माशीचं विचारायचंच नव्हतं.

मग मी मानेचा फोटो पाठवला. ह्या वेळचं उत्तर बाईंनी चारचौघांत दिलं नाही, मला एकट्याला पाठवलं आणि त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. अळीला श्वास घ्यायला गाठीवर भोक लागतं, तुमच्या गाठीला ते दिसत नाही. हा माझा विषय नव्हे, पण ह्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. मी पुन्हा विचारलं, भोक बारीक असेल तर? पट्टीखाली बुजलं असेल तर? एका अळीसाठी इतकी गयावया आजवर कुणी केली नसेल, ताई. बाईंनी एवढंच लिहिलं, 'नाही हो.' आपली आईसुद्धा काखेतल्या गाठीला सबंध उन्हाळा 'गोचीड चावलीय' म्हणत होती, दंव पडलं की बसेल म्हणायची. दंव पडलं तेव्हा तू आणि मी तिच्या कबरीपाशी उभे होतो.

असो. रीबा अजून लांडगाच धरून बसली आहे आणि रोज सकाळी ताजा काप बांधते. ती इतक्या मायेने बांधते की मला काही बोलवत नाही. भावजींना नमस्कार.

तुझा भित्रा ससा,
व्हर्लिन

ता. क. गुरुवारी स्प्रिंगफील्डच्या डॉक्टरांनी बोलावलं आहे. रीबाला बोललेलो नाही. तू गाडी घेऊन ये आणि तुझी कवळी दाखवायला मला सोबत नेतेयस असं सांग. तुझ्या कवळीच्या कथा ऐकत एवढा प्रवास करायला ती काही येणार नाही.

ता. क. दुसरा. माशी काल वारली. लिंडक्विस्टबाईंना ती टपालाने हवी आहे. तू बटणं ठेवतेस तसली एखादी पत्र्याची डबी आणि थोडा कापूस घेऊन ये. खरं काम एवढंच आहे, त्यासाठीच पत्र लिहिलं. बाकीच्याचं फार मनावर घेऊ नकोस.

ता. क. तिसरा. डबी मिळाली नाही तरी ये.