माहूरच्या कॅम्पमधली जागा

धम्मे,

माहूरला तारे बघायच्या कॅम्पला तुझ्या जागी मी चालले. एका घरातून एकीलाच नेतात, अन् तुला ताप आलाय असं मी सरांना कालच सांगून टाकलं! तुझी नक्षत्रांची वही नेतेय, सरांनी विचारलं तर पटापट सांगता येईल. तू भाजून ठेवलेल्या शेंगा पण घेतल्यात. टेकडीवर चटईवर पडून खायला लई मजा येईल.

नऊ वाजता आमची गाडी आपल्या गल्लीतूनच जाईल. तेव्हा दारात उभी राहू नकोस, सर बघतील.

आई ड्यूटीवरून आली की तिला म्हण, मीच जात नाही म्हणाले. रडत सांगू नकोस, तिला लगेच कळतं.

तुझी ताई,
लुंबिनी