न विचारता धरलेली मान

मंगळवार, संध्याकाळ

मणके बसवणाऱ्या त्या डॉक्टरने आज न विचारता माझी मान धरली आणि बोटं मोडतात तशी कडकन मोडली. मी गेले होते कंबर दाखवायला. "माताजी, ढीली छोडो," म्हणतो मेला. आणि दर आठवड्याला यायचं म्हणे, कायमचं. मी विचारलं, मतलब बरी कधी होणार? तर उत्तर दिलं माझ्या मुलाला. मी काय गाठोडं आहे?

सुनील म्हणतो, "आई, गाडीचं सर्व्हिसिंग करतोच ना आपण?" म्हटलं, तुझी गाडी वाकून फरशी पुसते का रे?

कंबर मोकळी होते, हे खरं. त्याचाच जास्त राग येतो, नाहीतर आजच बंद केलं असतं. पण मान कशाला?

जाईन. कमरेला हात लावू देईन. मानेकडे आला तर उठेन आणि सुनीलला तिथेच सोडून ऑटोने घरी येईन.