ही ओळ माझी न्हाई

सिरसाळा
११ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,

वर तुमचा चर्चमधला ‘सलाम’ लिहून चिठ्ठी पाठवतीस आणि खाली म्हणतीस, मी तर काहीच केलं न्हाई. खोडला मी तो सलाम. एवढा खोडला की कागद फाटला. आता तुझ्या चिठ्ठीला डोकं न्हाई, बाकी धड शाबूत हाय. माझ्याकडून सा. न. वि. वि. घे. आपल्यात हेच लिहितात.

फोन कावून करत न्हाईस म्हणून विचारू नको. फोनवरचं रेकॉर्ड होतं, व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो निघतो. कागद बरा. पाशाभाई मोसंब्याचा टेम्पो घेऊन हप्त्यातून दोनदा माजलगावला येतो, त्याच्यापाशी देत जा. वाचलं की चुलीत घाल. तुझ्याकडं गॅस हाय म्हणून आळस करू नको.

मुद्द्याचं असं की, माझ्या मनीला नर्सिंगची सीट लागली, सरकारी कॉलेजात. आपल्या वस्तीतली पहिली पोरगी. पण जातपडताळणीचा कागद तीस तारखेच्या आत दिला न्हाई तर सीट पुढच्या नंबराला जाती. आणि कुणीतरी अर्ज टाकलाय, की हे घर किरिस्ताव झालंय, ह्यांना सवलत कशाची. कुणी टाकला ते मला ठाऊक हाय, लिहीत न्हाई. आता चौकशीचा साहेब घरी येणार, देव्हारा बघणार, सगळ्यांचे जबाब घेणार. त्यात किरिस्ताव ठरलो की दाखला गेला, आणि दाखल्यासंगं मनीची सीट गेली.

माझं काय न्हाई. मी बँडवाला. गणपतीपुढं वाजवतो, उरुसात वाजवतो, तुमच्या नाताळातबी वाजवला होता. पण मायचं काय करू? भिंतीवरचं क्रूसाचं कॅलेंडर काढलं तर तिथं दहा वर्षांची पांढरी जागा दिसती. तिथं खंडोबाचा फोटो लावला, तर माय जेवताना तोंड फिरवून बसती. मी म्हणलो, साहेबाला फक्त राम राम म्हण आणि जबाबावर अंगठा दे, एक शब्द खोटं बोलावं लागणार न्हाई. ती म्हणाली, बघू. मायचं बघू तुला माहीत हाय.

तिला ह्या नादाला तू लावलंस, आता तूच समजाव. तुझं ऐकती ती.

लोभ हाय तेवढाच ऱ्हाऊ दे. वाढवलास की काहीतरी मागतीस.

तुझा धाकटा,
सोमेश्वर


माजलगाव
१४ ऑगस्ट २०२४

चि. सोमेश्वरास अनेक आशीर्वाद.

वर काहीच लिहिलं नाही, तुला खोडायला मिळू नये म्हणून. पाशाभाईनं चिठ्ठीसंगं चार मोसंबी दिली, त्यातलं एक नासकं निघालं, त्याला सांग.

मनीची सीट लागल्याचं वाचून मी वर्गात सगळ्या पोरांना चिक्की वाटली. कशाची ते सांगितलं नाही.

नादाला लावलं म्हणतोस ते खरं आहे. अण्णा गेल्यावर माय सहा महिने मुकी होती, तुझ्याच घरात, आठवतं का? हलगी वाजवणारा माणूस गेला आणि घरात चमचा पडला तरी दचकायचो आपण. मी तिला इकडं आणून आमच्या प्रार्थनेला बसवलं. ती बोलायला लागली. मग ती माझ्याही पुढं निघून गेली, त्याला मी काय करू? पालीच्या धरणात ती आणि तिथलीच बायडाबाई बाप्तिस्म्याला पाण्यात उतरल्या तेव्हा मी काठावर होते. आजही तिथंच आहे. शाळेत माझी नेमणूक कोणत्या दाखल्यावर झाली ते तू जाणतोस. सोमवार ते शनिवार टिकली लावते. रविवारी चर्चच्या दारात काढून पर्समधल्या आरशाला चिकटवते. त्या आरशात आता माझ्यापेक्षा टिकल्याच जास्त दिसतात.

म्हणून मला मायला सांगायचा हक्क नाही, तरी सांगितलंय. सोबतची घडी तिची, मनी वाचून दाखवील. लिहिलंय की देव मन बघतो, अंगठा बघत नाही. पोरीसाठी एवढं एक कर. पण तिला बायबलातली पानंच्या पानं पाठ आहेत, ती मलाच उलट काहीतरी ऐकवील, तयारीत राहा.

रागावलास तरी पत्र टाकत जा. राग तरी कळतो.

तुझी अक्का,
दिपाली


सिरसाळा
२१ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास मनिषाचा सा. न.

बाबा आता लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितेय. तुझी चिठ्ठी मी आजीला वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतली आणि घडी घालून उशीखाली ठेवली.

साहेब सोमवारी आले, अकरा वाजता. माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढून आत आला. खंडोबाचा फोटो कॅलेंडरपेक्षा लहान निघाला होता, चारी बाजूंनी पांढरी पट्टी दिसत होती. बाबा सारखे त्या भिंतीला पाठ लावून उभे राहत होते. साहेब आजीला राम राम म्हणाले आणि आजीच्या तोंडून सवयीनं सलाम गेला.

बाबा लगेच हसले. म्हणाले, शेजारी पाशाभाईचं घर, आमची म्हातारी सगळ्यांनाच सलाम करती. साहेबही हसले. म्हणाले, आमच्या जिंतुराकडंही आहे तसं. मला वाटलं, सुटलो. पुढं सगळं नीट चाललं होतं. अण्णांची हलगी दाखवली, आईनं लग्नातल्या रीती सांगितल्या, चहा झाला. साहेबांनी जबाब लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. आजीची पाळी आली तेव्हा बाबा म्हणाले, तिला येत न्हाई, अंगठा घ्या. शाईचा डबा उघडला.

आजीनं कागद साहेबांच्या हातातून घेतला. दारात उजेडाला जाऊन बसली. आणि ओळीखाली बोट ठेवलं.

आत्या, ती काय करतेय ते फक्त मला कळलं. कारण तिला पाठ नाही काही. तिला वाचता येतं. मी दुसरीत होते तेव्हा माझ्या पहिलीच्या पुस्तकावरून मीच शिकवलं होतं, रोज शाळा सुटल्यावर, गोठ्यामागं. तिला बायबल स्वतः वाचायचं होतं. म्हणाली होती, सोम्याला सांगू नको, हसंल. मी दहा वर्षं सांगितलं नाही.

तिनं तीन ओळी वाचल्या, एकेक अक्षर फोडून, मोठ्यानं. गाव, जात, अण्णांचं नाव. चौथी ओळ होती, कुटुंबातील सर्व व्यक्ती हिंदू धर्माच्या रूढी पाळतात. बोट थांबलं. म्हणाली, “बाकी समदं खरं हाय, साहेब. ही ओळ माझी न्हाई.”

बाबा म्हणाले, वय झालंय तिचं, डोकं ठिकाणावर नसतं. आजीनं बाबांकडं बघितलंसुद्धा नाही. साहेबच खाली बघून म्हणाले, आजी, मी थोडा वेळ बाहेर थांबतो, तुम्ही विचार करा. ते खरंच थांबले, लिंबाखाली, उन्हात. परत आले तेव्हा तिनं त्यांना विचारलं, ह्यानं पोरीचं नुसकान हुईल का? साहेब शाईच्या डब्याचं झाकण लावत राहिले. मग तिनं पेन मागितला, त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि खाली सही केली. सहीला लई वेळ लागला. चंद्रमागा, असं लिहिलं. साहेब म्हणाले, आधारकार्डावर चंद्रभागा आहे. आत्या, ती चूक माझी. तिचं नाव पाटीवर मीच लिहून दिलं होतं, तेव्हा भ आणि म मध्ये माझा घोळ व्हायचा.

फाईल सुनावणीला लागली, बारा सप्टेंबर. सीट तीस ऑगस्टला जाणार.

नळावर बाया आजीला बाजूला सारतात, नातीचं वाटोळं केलं म्हणतात. गणपती मंडळानं बाबांचा बँड काढून दुसऱ्याला दिला. बाबा तिच्याशी एक शब्द बोलत नाहीत. ताट मात्र स्वतः वाढतात. वस्तीतले त्रिंबककाका कागदपत्रातले जाणकार, त्यांनी एक मार्ग काढलाय. म्हणतात, आई आमच्यात राहत नाही, आमचा तिच्याशी संबंध नाही, असं प्रतिज्ञापत्र दिलं तर सुनावणी लवकर लागेल. कागद टाईप होऊन आलाय. टेबलावर आहे.

मला कुणाचा राग येतोय तेच कळत नाही. मी शिकवलंच नसतं तर?

तू काहीतरी सांग. लगेच सांग.

तुझी मनी


माजलगाव
२४ ऑगस्ट २०२४

चि. मनिषा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चुलीत घातलं नाही. तीनदा वाचलं. आमच्या मायला वाचता येतं, हे मला तुझ्याकडून कळावं.

तू शिकवलंस ते चांगलंच केलंस. मी शिक्षिका आहे, हे एवढं मी खात्रीनं सांगू शकते. बाकी कशाचीच खात्री नाही.

मायला काही दिवस माझ्याकडं पाठव, असं लिहायला बसले होते. दोनदा लिहून खोडलं. मुख्याध्यापक समोरच्या घरात राहतात. त्यांची बायको रोज संध्याकाळी येऊन बसते. माय त्यांनाही सलाम म्हणेल. मग कुणीतरी माझ्याही नावानं अर्ज टाकील. सुनावणी होईपर्यंत थांबू. त्यानंतर मी स्वतः येते आणि तिला घेऊन जाते.

तिला हे सांगू नको. तिला एवढंच सांग की दिपी आठवण काढते.

मनात ठेव मला.

तुझी आत्या


सिरसाळा
२८ ऑगस्ट

माजी लेक दिपाली हिला सलाम.

हे मी माज्या हातानं लिवते. तीन दिस लागले. अक्षर मोठं हाय, कागद पुरंना, पाठीमागं बी बघ.

तू मनीला लिवलं ते मी वाचलं. मनीनं दडवलं व्हतं, मला घावलं. तुज्या समोर मास्तर ऱ्हातो ते खरंच हाय. तू ओशाळू नको.

सोम्याचा कागद बी वाचला. त्यात लिवलंय, आई आमच्यात ऱ्हात न्हाई. त्यावर सहीची तारीख उद्याची हाय. सोम्या पेन घेऊन बसतो अन् उठतो. जा म्हणून त्यो एकदा बी म्हणला न्हाई. पर उद्या त्यानं सही केली तर खोटं लिवलं व्हईल, अन् माज्यापायी लिवलं व्हईल. म्हणून मी कागद खरा करते. मी हितं ऱ्हायलेच न्हाई तर ते खोटं न्हाई. संबंध न्हाई म्हणून लिवलंय, ते तेवढं त्याचं त्यानं बघावं.

मनीसाठी मला ती ओळ बोलता आली असती. लई मनात आलं. साहेब लिंबाखाली उभा व्हता तवा पोरीच्या तोंडाकडं बघितलं अन् बोलणारच व्हते. पर तुजे अण्णा गेल्यावर माजी जीभ बंद झालती. ज्यानं ती सोडली त्यालाच कसं म्हणू, मी तुला वळखत न्हाई. पोरीचं नुसकान माज्या डोक्यावर हाय. ते मी खाली ठेवत न्हाई.

पालीला बायडाबाईकडं जाते. ती एकटीच ऱ्हाती.

धरणाच्या दिवशी तू माजं कोरडं लुगडं छातीशी धरून काठाला उभी व्हतीस. मला म्हणलीस, माय, मी पुढल्या साली. मी मोजत न्हाई. पाण्यातून वर आलं की लुगडं धरणारं बी कुणी लागतं.

मनीला सांग, नावातली चूक मला आधीच कळलती, कारडावर वाचलं व्हतं. पर तिनं लिवून दिलंय तसंच मी लिवणार.

पाशाची गाडी दारात आली, त्यो हॉर्न वाजवतोय. सोम्या परळीला गेलाय, त्यो यायच्या आत निघते. चिठ्ठी पाशाजवळच देते. ह्याचं उत्तर हितं धाडू नको.

लोभ असू दे, मला दिसला न्हाई तरी.

चंद्रमागा