अप्पांच्या मनगटावरची वेळ

वॉलॉंगॉंग,
रविवार, १ मार्च २०२६

प्रिय हृषी,

आशीर्वाद शेवटी देते, आधी बातमी. अप्पांच्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही. गुरुवारी आमच्या फॅमिली डॉक्टर लीना यांनी स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट आणि त्या प्रश्नोत्तरांचा निकाल समोर ठेवून तसं स्पष्ट सांगितलं. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं. वयाच्या मानाने उत्तम, बीपी थोडं वर, विनोदबुद्धी शाबूत. हे शेवटचं रिपोर्टात नाही, तोंडी म्हणाल्या.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला तोडतोस. पुण्यात पेपरात होते तेव्हापासून मला मजकूर एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत जाऊ द्यायची सवय आहे, आणि इथे युनिव्हर्सिटीच्या बातम्या लिहूनही ती गेलेली नाही. तेव्हा चहा घेऊन बस. डार्विनला पाऊस कोसळत असेलच, बाहेर जाणार कुठे?

इकडे सगळे मजेत. प्रतापला स्टीलवर्क्समध्ये सध्या दिवसपाळी आहे, त्यामुळे तो माणसात आहे. अनुष्का हायस्कूलला जायला लागली आणि माझ्याशी फक्त भूक लागल्यावर बोलते. हृषीमामा ईस्टरला येणार का, हे मात्र तिने आपणहून विचारलं. मराठीत.

आता अप्पांचं क्रमाने सांगते. ऑक्टोबरात मी घाबरून तुला सगळं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं.

आमच्याकडे घड्याळं बदलायचं खातं अप्पांचं, हे तुला माहीत आहे. आई गेल्यावर ते इथे आले तेव्हापासूनचं. सरकारी उन्हाळी वेळेसाठी ऑक्टोबरात घड्याळं पुढे जायची असोत की एप्रिलमध्ये मागे, आदल्या संध्याकाळी स्टूल घेऊन घरभर फिरायचे. भिंतीवरचं, ओव्हनचं, मायक्रोवेव्हचं, गाडीतलं. वीज मंडळात आयुष्य गेलेला माणूस, काट्याला हात लावताना चेहरा असा, की सबस्टेशन बंद करतायत. या ऑक्टोबरातही सगळी घड्याळं त्यांनीच एक तास पुढे केली. फक्त स्वतःच्या मनगटावरचं केलं नाही. मला वाटलं विसरले. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे. हे ठीक आहे."

त्याच आठवड्यात बीपीच्या तपासणीला ते तासभर उशिरा पोचले. मग मराठी मंडळाची दिवाळी. दीपप्रज्वलन त्यांच्या हस्ते होतं. अप्पा आले तेव्हा समई केव्हाच दुसऱ्या कुणी लावली होती आणि चकल्या संपत आल्या होत्या. आपल्या लोकांचा कार्यक्रम वेळेवर सुरू झाला हे त्या दिवशीचं खरं आश्चर्य, पण हसण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. विचारलं तर म्हणाले, "एक तास मिळवायचा राहिला." दर वर्षी न चुकता मिळवणारा माणूस!

मी तुला फोन केला. तू म्हणालास, "ताई, त्या घड्याळाच्या खेळाने त्यांचं डोकं भंजाळतंय. इथे डार्विनला घड्याळाला कुणी हात लावत नाही. पाठव त्यांना." आठवड्यात तू मागची खोली रंगवून घेतलीस, बाथरूमला धरायचे दांडे बसवलेस. फोटो आले. रंग छान आहे. अप्पांनी फोटो बघितले आणि फोन माझ्या हातात परत दिला.

घरात या घड्याळावरून बरंच रण माजलं, ते तुला सांगायलाच हवं. दर वर्षीप्रमाणे टीव्हीवर चर्चा चालली होती, ही वेळ बदलण्याची पद्धत ठेवावी की मोडावी. प्रताप ठेवण्याच्या बाजूचा.

"पाळी संपल्यावर उजेड असतो म्हणून मी पोरीला बोलिंग टाकू शकतो," तो म्हणाला. "हे बंद केलं तर मी क्वीन्सलँडला निघून जाईन."

"बाबा," अनुष्का म्हणाली, "क्वीन्सलँड डझन्ट इव्हन हॅव डेलाइट सेव्हिंग."

अप्पा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी म्हटलं, "अप्पा, तुमचं काय मत?"

"बदला की. मी कुठे अडवतोय? माझं घड्याळ तेवढं सोडा."

"पण का?"

"आजोबा, इट्स लिटरली वन अवर. चिल," अनुष्का म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," अप्पा म्हणाले, आणि पुन्हा आमटीकडे वळले.

मला त्यात फक्त हट्ट दिसला, आणि हट्टामागे आजार. म्हणून ही तपासणी. आता तिथली गंमत ऐक. गुरुवारी निकाल सांगण्याआधी डॉक्टर लीनांनी कागद पुढे ठेवला. एक गोल काढा, आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. ही नेहमीची चाचणी असते म्हणे. अप्पांनी पेन उघडलं आणि विचारलं, "विच टाइम, डॉक्टर? गव्हर्नमेंट ऑर माइन?" मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, संपलं. डोळे उघडले तर कागदावर दोन घड्याळं. मोठ्यात अकरा दहा. शेजारी लहानसं, त्यात दहा दहा. काटे पट्टीने ओढल्यासारखे. डॉक्टर हसायला लागल्या. म्हणाल्या, डोक्यात दोन वेळा एकदम चालवणाऱ्या माणसाची मला काळजी वाटत नाही. पण तुम्ही एकच का नाही ठेवत? अप्पा म्हणाले, "पर्सनल रीझन." आणि पेनाला टोपण लावलं.

परत येताना गाडीत त्यांनी आधी सीटबेल्ट लावला. मग म्हणाले, "सुमे, शनिवारी सकाळी माझ्याबरोबर चल. माझ्या सहाला. तुझ्या सातला."

ते रोज सकाळी दीपगृहापर्यंत फिरून येतात एवढंच मला माहीत होतं. दोन-तीनदा त्यांच्या पिशवीत ओला टॉवेल सापडला होता, निळ्या फुलांचा, आपल्या घरातला नव्हे. अप्पांना पोहता येत नाही. तो टॉवेलही मी आजाराच्या खात्यात टाकला होता, कुणाचा तरी उचलून आणला असेल म्हणून. बघ, माणसाने एकदा मथळा ठरवला की खालचा मजकूर कसा त्याच्यामागे चालत येतो.

शनिवारी गेलो. खडकातला तो समुद्राच्या पाण्याचा तलाव तू बघितला आहेस, लाटा कठड्यावरून आत येतात तो. अप्पा नेहमीच्या असाव्यात अशा एका पायरीवर बसले. कठड्याला एक म्हातारा कुत्रा बांधला होता, तो अप्पांना पाहून उठला आणि त्यांच्या चपलेवर येऊन बसला. पायरीवर निळ्या फुलांचा टॉवेल. अप्पांनी तो उचलला आणि मांडीवर घेतला. पाण्यात एकच बाई होत्या, टोपी घालून, संथ हात मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होत्या. सत्तरीच्या असतील. वर आल्या तशा थेट आमच्याकडे आल्या.

"अप्पासाहेब, टॉवेल." मग माझ्याकडे बघून, "तू सुमेधा. शेवटी आणलं म्हणायचं."

"पाणी कसं आहे?" अप्पांनी विचारलं.

"उतरल्याशिवाय कळत नाही."

"मी जमिनीवरचा माणूस."

"जूनपासून हेच ऐकतेय. बघ सुमेधा, समुद्राच्या गावात राहतात आणि काठावर बसून टॉवेल सांभाळतात."

"आणि रोज अपमान करून घेतो, तेही सांगा तिला," अप्पा म्हणाले. हृषी, आई गेल्यापासून मी त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता.

त्या नीलिमाबाई. मूळच्या सोलापूरच्या, बरीच वर्षं ब्लॅकटाउनला होत्या. यजमान गेल्यावर मुलीजवळ इथे आल्या. मुलगी सुरुची हॉस्पिटलात आहे, पण बाई राहतात वेगळ्या, छोट्या फ्लॅटमध्ये. पोहायला इथे येऊन शिकल्या, साठीनंतर. कुत्र्याचं नाव बंड्या. तर या बंड्याचं सकाळचं सगळं ठरलेलं. उठणं, खाणं, समुद्रावर येणं. ऑक्टोबरात सगळ्यांची घड्याळं पुढे गेली, बंड्या गेला नाही. नीलिमाबाईंनी एक-दोन दिवस ओढून बघितलं आणि सोडून दिलं.

मी त्यांना विचारलं, तुम्हालाही हे वेळ बदलणं नको वाटतं का? तर म्हणाल्या, "छे, बदला की. सुरुचीला संध्याकाळचा उजेड हवा असतो, मी कुठे अडवतेय? फक्त बंड्याला कोण समजावणार?"

बदला की, मी कुठे अडवतोय. मी अप्पांकडे बघितलं. ते बंड्याचा पट्टा सोडवण्यात फार गुंतलेले होते.

म्हणजे कळलं ना? जूनपासून ते दोघं तिथे सहाला भेटत होते. ऑक्टोबरात अप्पांनी आपल्या सगळ्यांसाठी घड्याळं पुढे केली आणि ही एक वेळ तशीच ठेवली. मनगटावर सहा वाजले की निघायचं. बाकी दिवसभर एक मिळवत बसायचं, आणि दोनदा ते राहिलं. एवढाच आजार.

परतताना मी विचारलं, "हृषीला सांगू?"

"सांग. तुझं लिहिणं बरं असतं."

"काय सांगू?"

"सांग, टॉवेल धरायचं काम मिळालंय."

"पर्मनंट?"

थोडं चालून म्हणाले, "प्रोबेशन संपलंय."

आता ते, जे लिहायला मी एवढी पानं घेतली. अप्पा डार्विनला राहायला येणार नाहीत. मी अडवत नाहीये आणि नीलिमाबाईही नाहीत. त्यांनी तर अप्पांना माझ्यासमोर सांगितलं की मुलाने खोली रंगवलीय, जाऊन या. पण त्यांना इथे राहायचंय. आणि मला ते बरं वाटतंय, हेही लिहून टाकते. आईचा फोटो ते अजून रोज पुसतात, मग फिरायला निघतात. त्यात काही अवघड आहे असं मला वाटत नाही. तुला सुरुवातीला वाटेल कदाचित. वाटू दे. शिवी घालायची असेल तर मला घाल, त्यांना नको.

दुसरं म्हणजे, तू अप्पांना बोलावत होतास ते घड्याळामुळे नाही, हे मला ते दांडे बघितले तेव्हाच कळलं होतं. मयूरा वेगळी राहायला गेल्यापासून ते घर तुला मोठं होतंय. कशाचा त्रास होतो विचारलं तर तू घर म्हणत नाहीस, वेट सीझन म्हणतोस, शिफ्ट म्हणतोस, अप्पांचं डोकं म्हणतोस. मी तुझी ताई आहे रे. तू सायकलवरून पडायचास तेव्हाही आधी सायकलला किती लागलं ते सांगायचास. खोली वाया जाणार नाही. अप्पांनी स्वतः सांगितलंय की जुलैत, तिकडे कोरडं पडलं की, महिनाभर येतो. दोघं येतील असं दिसतं, बंड्या आमच्याकडे राहील. खोल्या किती लागतील ते मला विचारू नकोस, त्यांनाच विचार आणि मला कळव.

घड्याळाच्या त्या वादात मी कोणत्या बाजूची, तर उद्या मतदान झालं तर मला खरंच ठरवता येणार नाही. बागेत उजेडात बोलिंग टाकणारा प्रताप दिसतो तेव्हा वाटतं बदलावीत, पायरीवरचे अप्पा आठवले की वाटतं कशाला. घरात दोन्ही वेळा चालू आहेत, आणि आता कुणाचं काही अडत नाही. अनुष्काने फ्रिजवर कागद लावलाय: अप्पांना वेळ सांगायची असेल तर आधी एक वजा करा.

पुढचं असं. तू गुड फ्रायडेला येशील असं धरून चालले आहे. नाही म्हणायचं असेल तर या आठवड्यातच फोन कर, पण नाही म्हणू नकोस. ईस्टरच्या रविवारीच यंदा घड्याळं मागे येतायत. आदल्या संध्याकाळी अप्पा स्टूल घेऊन घरभर फिरतील, पायाशी तू स्टूल धर. ओव्हन, मायक्रोवेव्ह, गाडी, सगळं एक तास मागे. त्यांना स्वतःच्या मनगटाला हात लावावा लागणार नाही. आम्हीच सगळे त्यांच्या वेळेला येऊन मिळू, आणि तुझ्या-आमच्यात अर्धाच तास उरेल.

रविवारी सकाळी सहाला आपण सगळे तिथे जाऊ. तुला पोहता येतं हे मी नीलिमाबाईंना सांगून ठेवलंय. चड्डी आण. टॉवेल आणू नकोस, धरायला माणूस आहे.

खूप खूप आशीर्वाद, आणि वाट बघणारी
तुझी ताई